साड्यांची पुढची नेमणूक

केंद्र सरकारच्या नोकरीत जन्मतारीख कोणतीही असो, माणूस निवृत्त होतो तो महिन्याच्या अखेरच्या दिवशी. दुपारी निरोपाचा समारंभ होतो, शाल, साडी आणि गुच्छ हातात पडतो, आणि संध्याकाळी सहकारी स्टाफ कारने घरापर्यंत सोडायला येतात. पेन्शनचे कागद, ग्रॅच्युइटी, सीजीएचएसचं कार्ड, सरकारी क्वार्टर सोडायची मुदत, यांतल्या प्रत्येक गोष्टीची कुणी ना कुणी आठवण करून देतं. कपड्यांबद्दल मात्र कुणी काही बोलत नाही. ज्या कपड्यांनी साडेतीन दशकं रोज सकाळी आपल्याला घराबाहेर काढलं, त्यांचं पुढे काय, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. मी २०१९च्या अखेरीला निवृत्त झाले आणि हे ठरवायला मला जवळजवळ तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत कापडाबद्दल जेवढं कळलं, तेवढं सोलापूरसारख्या कापडाच्या गावात वाढूनही कळलं नव्हतं.

दिल्लीत आले ती ऐंशीच्या दशकाच्या मध्यात. स्टाफ सिलेक्शनची परीक्षा, सचिवालयात असिस्टंटची जागा, आणि राहायला नोकरदार बायकांचं वसतिगृह. सोबत एक ट्रंक. त्यात आईच्या दोन इरकली, चार सुती साड्या आणि आजीच्या नऊवारीची गोधडी. स्वेटर एकही नव्हता, कारण सोलापुरात त्याची गरज कधी पडलीच नव्हती. आमच्या सेक्शनमध्ये बायका मोजक्याच. त्यांतल्या एका वयाने मोठ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन सांगितलं, की पदर पिन लावूनच घ्यायचा, कारण दोन्ही हातांत फायली असतात. परकर गडद रंगाचा घ्यायचा, कारण डीटीसीच्या बसमध्ये काय लागेल सांगता येत नाही. आणि एक साडी ऑफिसच्या कपाटात कायम ठेवायची.

त्या शेवटच्या सल्ल्याचं मोल पावसाळ्यात कळलं. मिंटो ब्रिजखाली पाणी भरतं आणि दिल्ली तिथे थांबते, हे तेव्हाही तसंच होतं. एका सकाळी बस अडकली, शेवटचं अंतर पाण्यातून चालत काढलं आणि अकराच्या बैठकीला मी कोरड्या, इस्त्रीच्या साडीत बसले होते. बाकीचे तिघे पुरुष ओल्या पॅन्ट झटकत आले. पुढे संसदेची अधिवेशनं सुरू झाली, की त्या कपाटातल्या साडीला काम असायचं. दुसऱ्या दिवशी तारांकित प्रश्न असला की आदल्या रात्री पूरक प्रश्नांची टिपणं करत बसायचं, कधी साहेबांच्या पाठोपाठ अधिकारी दीर्घेत जाऊन बसायचं. रात्रभराच्या चुरगळलेल्या साडीत तिथे जाता येत नाही.

साडी नेसली की पंचविशीतली मुलगी निदान तिशीची दिसायची आणि तेवढ्या प्रमाणात तिचं ऐकून घेतलं जायचं. ही गोष्ट मला आवडत नव्हती, पण ती खरी होती आणि मी तिचा उपयोग केला. साडीने सगळीकडे निभावलं असंही नाही. एकदा दुसऱ्या एका खात्यातल्या बैठकीला मी आमच्या विभागाची बाजू मांडायला गेले होते. टेबलाच्या टोकाला बसलेल्या गृहस्थांनी मला पाहून डिक्टेशनची वही आणलीय का, असं विचारलं. त्या दिवशी मी माझी सर्वांत चांगली चंदेरी नेसले होते. मी त्यांना माझं पद सांगितलं, फाइल उघडली आणि बोलायला सुरुवात केली. कपडा दारापर्यंत नेतो. आत आपल्यालाच जावं लागतं.

पगार वाढत गेला तशी साड्यांची आवडही वाढली. दिल्लीत हातमाग शोधायला फिरावं लागत नाही. बाबा खडकसिंग मार्गावर राज्यांची एम्पोरियम ओळीने उभी आहेत: ओडिशाचं उत्कलिका, बंगालचं मंजुषा, आंध्रचं लेपाक्षी, मध्य प्रदेशचं मृगनयनी, आपलं त्रिमूर्ती. शनिवारी त्या रस्त्याने नुसतं चालत गेलं तरी संबलपुरीची बांधणी कशी असते, महेश्वरीचा काठ कसा येतो, पोचमपल्लीचं सूत विणण्याआधीच कसं रंगवतात, हे कळत जायचं. २ ऑक्टोबरपासून खादीवर सूट सुरू झाली की रीगल बिल्डिंगमधल्या खादी ग्रामोद्योग भवनात बायकांची रांग लागायची. १९८७पासून फेब्रुवारीत सूरजकुंडचा मेळा भरू लागला आणि १९९४ साली आयएनएजवळ दिल्ली हाट उघडलं. तिथे तर विणकर स्वतःच समोर बसलेला असायचा. मी त्यांच्याशी बोलत बसे. एका साडीत किती दिवस गेले हे त्याच्या तोंडून ऐकल्यावर ती साडी निष्काळजीपणे वापरता येत नाही.

हिवाळ्याचा कपडा हे दिल्लीचं वेगळंच खातं. पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरतो, आणि साडीत पोट, पाठ आणि पाय तिन्ही उघडे पडतात. लांब बाह्यांचे लोकरी ब्लाउज, आत थर्मल, वर कार्डिगन, त्यावर शाल, पायात मोजे. जेवणाच्या सुट्टीत सचिवालयाच्या हिरवळीवर बायका ऊन खात विणत बसलेल्या असायच्या. कडेला शेंगांची टरफलं आणि किन्नूच्या साली. मी सुया हातात धरायला तिथेच शिकले. आमच्या सेक्शनमधल्या पंजाबी बायका नमुना तोंडी सांगायच्या, इतके उलटे, इतके सुलटे. कुणाच्या घरी बाळ येणार असलं की सगळ्या मिळून विणायच्या, एकीने पाठ, दुसरीने बाह्या. माझ्यासाठीही त्यांनी एक गडद निळं कार्डिगन विणलं होतं. ते विणणाऱ्या चौघींपैकी दोघी आज हयात नाहीत.

२००५ साली मेट्रो केंद्रीय सचिवालयापर्यंत आली. २०१०मध्ये पहिला डबा बायकांसाठी राखीव झाला. प्रवास सोपा झाला आणि त्याच सुमारास ऑफिसातला पेहरावही बदलला. नव्या मुली कुर्ता-लेगिंग्जमध्ये यायच्या आणि त्यांचंही म्हणणं ऐकून घेतलं जायचं. मला ते पाहून बरं वाटायचं. मी मात्र शेवटपर्यंत साडीच नेसले.

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून आम्ही नोएडाच्या फ्लॅटमध्ये आलो. सरकारी क्वार्टर जुनं असलं तरी ऐसपैस होतं, भिंतीतली कपाटं खोल होती. नव्या घरात दोन कपाटं आणि पलंगाखालची पेटी. सामान लागलं तेव्हा साड्या शंभरावर निघाल्या, लोकरीचे कपडे वेगळे. मुलगी म्हणाली, आई, वर्षभर न वापरलेलं सगळं देऊन टाक. पण त्यानंतर काही महिन्यांतच मार्च २०२०ची टाळेबंदी आली आणि वर्षभरात कुणीच काही वापरलं नाही. तो नियम निकामी झाला.

त्या काळात रेशमी साड्या घडीतच पडून राहिल्या. जरीची साडी एकाच घडीत राहिली की घडीच्या रेषेवर जर काळवंडते आणि रेशीम चिरतं. दर काही महिन्यांनी घडी बदलावी लागते, मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागते, डांबराच्या गोळ्यांचा स्पर्श होऊ द्यायचा नसतो. म्हणजे साडी ठेवणं हेही काम आहे आणि शंभर साड्यांचं ते काम मला पुढे सत्तरीत झेपणार नव्हतं. कमी करायला हव्यात, हे पटलं ते या कारणाने.

मग कामाला लागले. सचिवालयात फाइल बंद करताना तिची वर्गवारी ठरवावी लागते. ए वर्ग म्हणजे कायम जपायची आणि मायक्रोफिल्मही करायची. बी म्हणजे कायम जपायची पण मायक्रोफिल्म नको. सी म्हणजे ठरावीक मुदतीपुरती, फार तर दहा वर्षं. पंचवीस वर्षं झाली की जुन्या कायम फायली पुन्हा तपासायच्या आणि त्यांतल्या कोणत्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जाण्याजोग्या आहेत ते पाहायचं. हे मी इतकी वर्षं केलं होतं, आणि कपाटासमोर बसल्यावर हात आपोआप त्याच पद्धतीने चालू लागला. आईच्या दोन इरकली ए. निळं कार्डिगन ए. त्यांचे फोटो काढून मुलीकडे पाठवले, कोणती कुठली हे लिहून. बी वर्गात मी अजून नेसते अशा दहा-बारा. उरलेला ढीग सी, आणि तो फार मोठा होता. पण फाइल सी वर्गाची ठरली की तिचं पुढे काय होतं ते ठाऊक असतं, साडीचं ठाऊक नसतं.

पहिल्यांदा घरच्यांना विचारलं. मुलीने तीन घेतल्या. पुण्याच्या भाच्यांनी व्हिडिओ कॉलवर बघून काही निवडल्या, त्याही बहुतेक रेशमी. रोजच्या सुती ऑफिसच्या साड्या कुणालाच नको होत्या. ह्यांच्या सफारी सुटांचा प्रश्न दोन दिवसांत सुटला. सोसायटीतल्या शिंप्याने ते उसवून कापडासाठी घेतले.

लहानपणी सोलापुरात बोहारीण यायची, जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. दिल्लीतही स्टीलच्या भांड्यांची टोपली डोक्यावर घेतलेल्या बायका दारोदार फिरतात. त्या बहुतेक गुजरातेतून पिढ्यांपूर्वी आलेल्या वाघरी समाजाच्या. आमच्या गेटवर येणाऱ्या बाईकडून मी सगळी साखळी समजून घेतली. जमलेले कपडे घेऊन त्या पहाटे अंधारात पश्चिम दिल्लीतल्या रघुबीर नगरच्या बाजारात जातात. तिथे घाऊक खरेदीदार येतात. धडके कपडे धुऊन, दुरुस्त करून पुन्हा विकायला जातात, मऊ सुती कापड कारखान्यांत पुसायला जातं, जुन्या बनारसीतली खरी जर जाळून धातू काढतात, आणि रंगीत रेशमाच्या उशा, घागरे, पिशव्या होऊन परदेशी पर्यटकांना विकल्या जातात. त्या बाईला माझ्या साड्यांचं सूत बोटांत धरल्याबरोबर कळत होतं. पॉलिस्टर किती, सूत किती, रंग जाणारा की पक्का. तिचं ज्ञान एम्पोरियममधल्या कुठल्याही विक्रेत्यापेक्षा कमी नव्हतं आणि तिच्या कष्टाला मिळणारा मोबदला मात्र फारच थोडा आहे. मी तिला कपडे दिले आणि भांडी घेतली नाहीत. तिने आग्रहाने एक वाटी ठेवलीच. फुकट घेणं तिच्या व्यवहारात बसत नव्हतं आणि तिचंच बरोबर होतं.

फाटक्या-विरलेल्या सुती साड्या सरिता विहारला गूंज या संस्थेत नेल्या. अंशू गुप्तांनी १९९९ साली घरातल्या ६७ कपड्यांपासून सुरू केलेलं हे काम आता देशभर पोचलंय. २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. तिथे कपड्यांची छाननी पाहिली. सलवारीबरोबर तिचीच कमीज लावतात, नाडी नसेल तर घालतात, बटण तुटलं असेल तर लावतात. मऊ सुती कापड वेगळं काढून, धुऊन, त्याच्या पाळीच्या दिवसांसाठी घड्या होतात. गावात हे कपडे दानासारखे वाटत नाहीत. गावाने विहीर साफ केली, रस्ता बांधला, तर त्या श्रमाचा मोबदला म्हणून ते मिळतात. घरी आल्यावर मी माझी उरलेली बोचकी पुन्हा सोडली. प्रत्येक ब्लाउजची हुकं तपासली, परकरात नाड्या घातल्या, साडीबरोबर तिचाच ब्लाउज पिनेने टाचला. हे करायला बरेच दिवस लागले आणि ते दिवस मला फार समाधानाचे गेले.

तरीही एक ढीग उरला होता. चांगल्या, न विरलेल्या, साध्या काठांच्या ऑफिसच्या साड्या. त्यांना वाट सापडली ती एका फोनमुळे. मराठी मंडळातल्या ओळखीच्या बाईंचा फोन आला. हिंगोलीकडची एक मुलगी करोलबागेत पेइंग गेस्ट म्हणून राहतेय, चार दिवसांवर तिची यूपीएससीची मुलाखत आहे आणि तिच्याकडे नेसण्याजोगी साडी नाही. दुकानात पाहिल्या त्या एक तर लग्नाच्या, नाही तर खूप महाग.

ती आली. पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा पार करून आलेली मुलगी, मुलाखतीचे २७५ गुण आणि मुख्य परीक्षेचे १७५० यांचा हिशेब तोंडपाठ, पण साडी फक्त कॉलेजच्या गॅदरिंगला आणि बहिणीच्या लग्नात नेसलेली. मी तिला ढिगासमोर बसवलं. तिचा हात आधी नव्या कोऱ्या, कडक साडीकडे गेला. मी तिला दोन्ही नेसून खुर्चीत बसायला लावलं. कोरी सुती साडी बसल्यावर पोटाशी फुगते, निऱ्या पसरतात, आणि सवय नसलेल्या मुलीचा हात सारखा तिकडे जातो. वीस वर्षं धुतलेली साडी अंगावर गप्प बसते. तिने जुनी राखाडी नारायणपेठ निवडली, बारीक मरून काठांची. मी ती खर्चाच्या प्रस्तावांच्या बैठकांना नेसत असे, म्हणजे जिथे प्रत्येक आकड्यावर प्रश्न येतात तिथे.

ब्लाउज मोठा होत होता. तो आत घेणं सोपं. पण पुढच्या वर्षी आलेल्या परभणीच्या मुलीला माझा ब्लाउज लहान झाला, तेव्हा शिवणीत सोडलेली माया कामी आली. आमचा जुना शिंपी दोन्ही बाजूंना बोटभर माया सोडायचा. ती उसवली आणि ब्लाउज बसला. आजकाल तयार ब्लाउजांत माया नसतेच.

त्यानंतर दर वर्षी जानेवारीपासून मुली येऊ लागल्या. कुणी ओल्ड राजेंद्र नगरमधून, कुणी मुखर्जीनगरमधून, कुणी मुलाखतीपुरती दिल्लीला आलेली. नोएडापर्यंत मेट्रोने येतात, जेवतात, साड्या पाहतात. मी त्यांना शहाजहान रोडवरच्या धोलपूर हाउसपर्यंतची वाट समजावते, सकाळच्या सत्राला नऊला हजर व्हायचं तर किती वाजता निघायचं ते सांगते. थंडीत लांब बाह्यांचा ब्लाउज, वर शाल, आणि बोर्डासमोर जायची वेळ आली की शाल काढून ठेवायची. दोन जागी पिना, तिसरी नको, नाही तर उठताना ओढ बसते. पायांत आधी आठवडाभर वापरलेली चप्पल. आदल्या दिवशी साडी नेसून तासभर खोलीत वावरायचं, जिना चढायचा, पेला उचलून पाणी प्यायचं. मुलाखतीत काय विचारतील हे मला सांगता येत नाही. पण चाळीस मिनिटं पदराचा विचार मनात येणार नाही, एवढी व्यवस्था मला करता येते.

हिंगोलीच्या मुलीचं नाव अंतिम यादीत आलं नाही. तिने फोन करून सांगितलं तेव्हा ती रडली नाही, मला मात्र भरून आलं. पुढच्या वर्षी ती राज्यसेवेतून लागली. राखाडी नारायणपेठ तिने परत पाठवायची विचारणा केली होती, मी नको म्हटलं. आता ती तालुक्याच्या ठिकाणी सुनावण्या घेते आणि त्या साडीत काढलेला एक फोटो तिने पाठवलाय. मागे टेबलावर फायलींचा ढीग आहे. दुसरीने साडी ड्रायक्लीन करून, सोबत घरच्या शेंगदाण्याच्या चटणीची पिशवी घालून परत पाठवली. ती साडी त्याच वर्षी आणखी एकीने नेली.

लोकरीचे कपडे सोपे गेले. चालण्याजोगे कोट आणि शाली दिवाळीच्या आधीच दिल्या, कारण जानेवारीत दिलेलं ब्लँकेट दोन महिने उशिरा पोचलेलं असतं. अगदी विटलेले स्वेटर आमच्या कबाडीवाल्याने नेले. ते पानिपताकडे जातात, असं तो म्हणाला. दिल्लीच्या मराठी माणसाला पानिपत १७६१मुळे ठाऊक असतं. १४ जानेवारीला काला आंबच्या स्मारकावर मीही जाऊन आले आहे. त्या खेपेला परतताना एका ओळखीच्या कारखानदाराने त्यांचं काम दाखवलं. युरोप-अमेरिकेतून कांडला बंदरातून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांचे छताला टेकणारे ढीग, रंगांप्रमाणे लावलेले: लाल, तपकिरी, काळा. बायका उभ्या पात्यावर बटणं, चेन, अस्तर कापून वेगळं करत होत्या. मग कापड यंत्रात पिंजून त्याचं पुन्हा सूत होतं. रंग ढिगातच जुळवलेला असल्याने बहुधा नव्याने रंगवावं लागत नाही. त्या सुताची स्वस्त ब्लँकेटं भूकंप-पुरातल्या मदतीसाठी जगभर गेली आहेत. आता पॉलिस्टरच्या मऊ ब्लँकेटांनी हा धंदा बराच मागे रेटलाय. कापणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात दिवसभर लोकरीची धूळ जाते. तोंडाला ओढणी बांधलेली असते, एवढंच संरक्षण. आपला स्वेटर पुन्हा ब्लँकेट होतो याचा आनंद वाटला, तसा त्या बायकांच्या खोकल्याचा आवाजही ऐकू आला. तिथे धूळ ओढणारे पंखे आणि धड मास्क असायलाच हवेत.

आता माझ्या कपाटात एक कप्पा रोजच्या साड्यांचा आहे, एक आईच्या इरकलींचा, आणि एक मुलाखतीच्या साड्यांचा. तो तिसरा कप्पा माझ्या मैत्रिणी भरतात. सचिवालयातून माझ्या मागोमाग निवृत्त झालेल्या बायका आपल्या साध्या, मऊ झालेल्या साड्या आणून देतात. नव्याने निवृत्त होणारीला मी एकच सांगते, की पहिलं वर्ष कपाटाला हात लावू नका. एक उन्हाळा आणि एक हिवाळा जाऊ द्या, कारण घरी राहणाऱ्या माणसाला थंडी किती वाजते हे ऑफिसात हीटरजवळ बसलेल्याला ठाऊक नसतं.

सेक्शनमधली माझी एक जुनी सहकारी गेल्या वर्षी उन्हाळ्यात निवृत्त झाली. दिवाळीनंतर तिच्याकडे द्वारकेला जायचं ठरलंय. साड्या आधी काढू या, असं ती म्हणत होती. मी तिला म्हटलं, ब्लाउजांपासून सुरू करू. कोणत्यात माया आहे ते पाहून मापं चिठ्ठीवर लिहून टाचून ठेवू, म्हणजे जानेवारीत मुली आल्या की शोधाशोध करावी लागणार नाही.